लस दिली, पुढे तिला उचलते कोण?

मागच्या अंकात राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणुरोगाच्या लसीविषयी लिहिताना ‘डेंड्रायटिक पेशी’ हा शब्द एकदाच येऊन गेला, आणि पत्रे मात्र त्याच शब्दावर आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे आमच्या पशुवैद्यक सल्लागारांची.

प्रश्न : आम्ही आजवर टायटर (रक्तातले अँटिबॉडीचे प्रमाण) आणि अँटिबॉडी एवढेच ऐकत आलो. मग या डेंड्रायटिक पेशी कोंबडीत नेमके काय करतात? पांढऱ्या पेशीच ना त्या?
— लेयर (अंड्यांच्या कोंबड्या) व्यावसायिक, विटा

पांढऱ्या पेशींच्याच घराण्यातल्या, पण यांचे काम मारामारीचे नाही, वर्दी देण्याचे आहे. जन्म अस्थिमज्जेत. तिथून त्या रक्तावाटे कातडी, श्वासनलिका, फुप्फुस, आतड्याचे अस्तर अशा वेशीवरच्या जागी जाऊन बसतात. पेशीला झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले असतात, त्यावरून हे नाव पडले. रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी 1973 साली उंदराच्या प्लीहेत त्या दाखवून दिल्या. स्टाइनमन यांना 2011 चे नोबेल जाहीर झाले तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते. कोंबडीचा नंबर फार उशिरा लागला. तिच्या अस्थिमज्जेतून या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत 2010 मध्ये प्रसिद्ध झाली.

ही पेशी दोन अवस्थांत जगते. कच्ची असताना ती भराभर गिळते: विषाणू, जिवाणू, मेलेल्या पेशी, समोर येईल ते. पण ‘हे धोक्याचे आहे’ अशी खूण पटेपर्यंत ती कुणाला काही सांगत नाही. ही खूण ओळखायला तिच्याकडे टोल-सदृश ग्राहक (रिसेप्टर) असतात. कोंबडीत असे दहा आहेत. चौथ्या क्रमांकाचा ग्राहक ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या आवरणातले एलपीएस ओळखतो, पाचवा जिवाणूच्या शेपटीचे प्रथिन, तिसरा आणि सातवा विषाणूंचा आरएनए. सस्तन प्राण्यांत जिवाणूंचा डीएनए ओळखणारा नववा असतो. तो कोंबडीत नाहीच, त्याचे काम एकविसावा करतो.

खूण पटली की पेशी पक्व होते. गिळणे जवळपास थांबते, फाटे लांब होतात, गिळलेल्याचे बारीक तुकडे एमएचसी नावाच्या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर मांडले जातात आणि सोबत सीडी-40, सीडी-80, सीडी-86 हे मदतनीस रेणू वाढतात. तिचा पत्ताही बदलतो. आतापर्यंत तिला वेशीवर धरून ठेवणारा सीसीआर-6 हा ग्राहक कमी होतो, सीसीआर-7 वाढतो आणि ती टी-पेशींच्या (प्रतिकार चालवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) वस्तीकडे निघते. तिथे टी-पेशीला तीन गोष्टी एकदम मिळाव्या लागतात: तुकडा, मदतनीस रेणूंचा हात आणि कोणत्या प्रकारचा प्रतिकार हवा ते सांगणारी रसायने. नुसता तुकडा मिळाला आणि बाकीचे नाही, तर टी-पेशी उठत नाही. उलट ‘याच्याकडे दुर्लक्ष कर’ असाच धडा घेते. तिन्ही मिळाल्या तर टी-पेशी अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींना कामाला लावते. मग आधी आयजीएम आणि त्यामागून आयजीवाय व आयजीए या अँटिबॉडी तयार होतात. तुम्ही लॅबमध्ये मोजता ते टायटर म्हणजे या सगळ्या साखळीचे शेवटचे टोक. लसीनंतर ते दिसायला आठवडा का जातो, हेही यातून कळेल.

मॅक्रोफेज ही दुसरी गिळणारी पांढरी पेशी खाते आणि संपवते. डेंड्रायटिक पेशी खाते आणि नमुना जपून ठेवते. पू करणाऱ्या हेटरोफिल पेशी या दोघींहून वेगळ्या. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नसते, म्हणून कोंबडीचा पू पातळ न होता पनीरासारखा घट्ट होतो. शवविच्छेदनात तुम्ही तो पाहिलाच असेल.

प्रश्न : कोंबडीला आपल्यासारख्या लिम्फ नोड (लसिका गाठी) नसतात असे वाचले. मग ही वर्दी पोचते कुठे?
— पशुधन पर्यवेक्षक, जालना

बरोबर वाचलेत. बदक-हंसांत साध्या घडणीच्या दोन जोड्या असतात, कोंबडीत त्याही नाहीत. काखेत, जांघेत, मानेत एकेक चौकी ठेवण्याऐवजी तिने वेशीलगतच छोट्या छोट्या चौक्या मांडल्या आहेत. मुख्य कचेरी म्हणजे प्लीहा, आपली पांथरी.

पुढच्या शवविच्छेदनात हे शोधून पाहा. प्लीहा गिझार्ड (दळणारे जठर) आणि प्रोव्हेंट्रिक्युलस (पाचक रसाचे जठर) यांच्या सांध्याजवळ, गोल, तांबूस-तपकिरी. डोळ्याचा गोळा हलकेच पुढे ओढला की खोबणीत आतल्या बाजूला हार्डेरियन ग्रंथी दिसते. डोळ्यात टाकलेल्या थेंबाची पहिली दखल तिथे आणि पापणीच्या आतल्या ऊतीत घेतली जाते. छोटे आतडे संपून दोन्ही अंधांत्रे सुरू होतात तिथे सीकल टॉन्सिल. लहान आतड्याच्या मध्याजवळचा बारीक कोंब म्हणजे मेकेल्स डायव्हर्टिक्युलम, पिवळ्या बलकाच्या देठाचा अवशेष. फुप्फुसातल्या श्वासनलिकांच्या फाट्यांवरही अशा वस्त्या असतात, पण त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

बर्साला या यादीत धरू नका. बर्सा ही विष्ठाद्वाराजवळची पिशवी, बी-पेशींची शाळा. ‘बी’ हे अक्षरच बर्सावरून आले. आणि नावाने फसायची एक जागा सांगून ठेवतो. जर्मिनल सेंटरमध्ये (बी-पेशी वाढतात त्या वस्तीत) फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशी असतात. त्या प्रतिजन (जंतूचा किंवा लसीचा ओळखू येणारा भाग) गिळून तुकडे करत नाहीत, अख्खे धरून बी-पेशींना दाखवतात. फाटे तसेच, काम वेगळे.

कातडीतल्या चौकीचे काम बाहेरून पाहायचे असेल तर कोंबड्यांच्या देवीची लस आहेच. पंखाच्या पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचल्यावर 7 ते 10 दिवसांनी किमान 50 पक्षी धरून तिथे गाठ किंवा खपली आली का ते पाहावे. ती आली म्हणजे विषाणू वाढला आणि कातडीतल्या पेशींनी त्याची दखल घेतली. काहीच नसेल तर लस मेलेली होती, सुई पिसातून गेली, किंवा पक्षी आधीच प्रतिकारक्षम होता.

प्रश्न : 28 व्या दिवशी निप्पलमधून (पाण्याच्या पाइपाला लावलेल्या तोट्यांतून) लासोटा ही राणीखेतची जिवंत लस दिली. दहा नमुन्यांपैकी चारांत टायटर जवळपास नाही, बाकीच्यांत चांगले. कंपनी म्हणते लस उत्तम. चूक कुठे?
— ब्रॉयलर शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा

काही पक्ष्यांत चांगले आणि काहींत शून्य, याचा अर्थ लस जिवंत होती, पण सगळ्यांपर्यंत जिवंत पोचली नाही. पाण्यातली लासोटा घशात आणि आतड्याच्या अस्तरात वाढावी लागते. वाढली तर डेंड्रायटिक पेशीला भरपूर माल मिळतो आणि विषाणूच्या आरएनएमुळे धोक्याची खूणही मिळते. क्लोरिनने मेलेला विषाणू म्हणजे चिमूटभर प्रथिन. ते पचून जाते, आणि खूण नसल्याने उरलेल्याकडे पेशी लक्ष देत नाहीत.

आता तुमचा दिवस मागे फिरवून तपासा. क्लोरिन, ॲसिडिफायर, सॅनिटायझर लसीच्या 48 तास आधी बंद केले होते का? नगरपालिकेचे पाणी असेल तर सोडियम थायोसल्फेट घातले होते का? पाण्याचा ढोबळ हिशेब असा : 1000 पक्ष्यांना वयाच्या प्रत्येक दिवसाला 1 लिटर. म्हणजे 28 व्या दिवशी 1000 पक्ष्यांना 28 लिटर, उन्हाळ्यात थोडे जास्त. त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 70 ग्रॅम, आधी विरघळवून 20 ते 30 मिनिटे थांबायचे. उरलेसुरले क्लोरिन दूध बांधून टाकते. लस त्यानंतर. कुपीचे झाकण पाण्याखाली धरून उघडावे. आत निर्वात असते, बाहेर उघडली तर हवा झटक्यात आत शिरते आणि पावडर उडते.

पक्षी तहानलेले हवेत, पण तडफडणारे नकोत. थंडीत दीड-दोन तास पाणी तोडता येते. मे महिन्यात अर्धा-पाऊण तास पुरे, तोही पहाटे. लसीचे पाणी दोन तासांत संपले पाहिजे. अर्ध्या तासात संपले तर दांडगे पक्षी पिऊन गेले आणि कोपऱ्यातले राहिले. चार तास उरले तर विषाणू मेला.

तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय निप्पलच्या लाइनवर आहे. लाइन रिकामी न करता टाकीत लस सोडली, तर पहिली वीस मिनिटे पाइपातले साधे पाणीच पक्षी पितात आणि त्यावरच तहान भागते, विशेषतः शेडच्या दुसऱ्या टोकाला. लाइन पूर्ण निथळा, लसीच्या पाण्यात निळा रंग घाला, शेवटच्या निप्पलमधून निळे थेंब येईपर्यंत टोक उघडे ठेवा, मगच लाइन पक्ष्यांपर्यंत खाली उतरवा. नंतर शेडमधून सावकाश फेऱ्या मारा म्हणजे बसलेले पक्षी उठतील. शेवटी शेडच्या चारही कोपऱ्यांतून मिळून 100 पक्षी धरून जिभा पाहा. नव्वदच्या वर निळ्या हव्यात. काम झाले की लाइन धुवा, दुधाने फिल्टर चोंदतात.

पाच-सात दिवसांच्या पिलांना मात्र डोळ्यातच द्या. 1000 मात्रांना साधारण 30 मिलि द्रावण, थेंब 0.03 मिलि, ड्रॉपर उभा. थेंब पडल्यावर पिलू डोळा मिटून उघडेपर्यंत हातातच ठेवायचे. घाईत सोडले की ते मान झटकते आणि लस तुसात जाते. डोळ्यातल्या थेंबाने रक्तातले टायटर फार चढले नाही तरी घाबरू नका. डोळा, नाक, श्वासनलिका इथला आयजीए एचआय या रक्ताच्या टायटर-चाचणीत दिसत नाही, पण विषाणूला वेशीवर तोच अडवतो.

प्रश्न : गंबोरोची (बर्सा बिघडवणाऱ्या विषाणुरोगाची) लस सगळे 12 ते 14 दिवसांना देतात, आम्हीही देतो. तरी दोन बॅचमध्ये रोग आला. मग दिवस कसा ठरवायचा?
— ब्रॉयलर शेतकरी, मालेगाव

‘सगळे देतात तो दिवस’ हे आपल्याकडचे मोठेच दुखणे आहे. पिलू आईकडून बलकावाटे आयजीवाय घेऊन येते. ते भरपूर असताना लस दिली तर लसीचा विषाणू वाढण्याआधीच बांधला जातो आणि डेंड्रायटिक पेशीपर्यंत सांगण्याजोगे काही पोचत नाही. फार उशीर केला तर शेडमधला खरा विषाणू आधी पोचतो आणि बर्सातल्या आयजीएम असलेल्या बी-पेशीच मारतो. मग वर्दी पोचली तरी हाताखाली शिपाई उरत नाहीत. म्हणून गंबोरो झालेल्या बॅचला पुढच्या राणीखेतच्या लसीचाही गुण येत नाही.

दिवस काढायला डेव्हेंटर सूत्र वापरतात. पहिल्या दिवशी 18 ते 24 पिलांचे रक्त एलायझा या अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीसाठी द्या. सरासरी न घेता टायटर चढत्या क्रमाने लावा आणि कळपातल्या सुमारे 75 टक्के पिलांना लस लागू व्हावी म्हणून 75 टक्क्यांच्या जागेवरच्या पिलाचे टायटर घ्या. मातृ-अँटिबॉडी ब्रॉयलरमध्ये साधारण 3 ते साडेतीन दिवसांत निम्म्या होतात, लेयरमध्ये 5 दिवसांच्या आसपास. समजा टायटर 4000 आले आणि तुमची इंटरमिजिएट प्लस (जास्त तीव्र) लस 500 टायटर भेदू शकते, म्हणजे मातृ-अँटिबॉडी 500 पर्यंत उतरल्या की लागू पडते. 4000 चे निम्मे 2000, मग 1000, मग 500 : तीन पायऱ्या. तीन गुणिले 3 दिवस म्हणजे 9, त्यात रक्त घेतल्याचे वय 1 आणि पहिल्या दिवसाच्या नमुन्यासाठी 3 ची दुरुस्ती मिळवा : 13 वा दिवस. हीच पिले आणि लस मात्र साधी इंटरमिजिएट, जी 125 भेदते, तर पायऱ्या पाच होतात आणि दिवस येतो 19 वा. एकाच शेडमध्ये लसीचा प्रकार बदलला की सहा दिवसांचा फरक पडतो. भेदण्याचा आकडा एलायझा किटनुसार बदलतो, तो लस आणि किट देणाऱ्याकडून लिहून घ्या.

दोन-तीन ब्रीडर (आई-बाप पक्ष्यांच्या) कळपांची पिले एकत्र आली असतील तर टायटर विखुरलेले येतात. तिथे एकच दिवस सगळ्यांना लागू पडत नाही, आठवडाभराच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. तुमच्या दोन बॅच अशाच होत्या का, ते हॅचरीला विचारा.

प्रश्न : तेलातली मारलेली लस दिल्यावर मानेत गाठी राहतात, काही पक्ष्यांची डोकी सुजली. मेलेल्या लसीला तेल हवेच कशाला?
— लेयर व्यावसायिक, पलूस

मेलेला विषाणू वाढत नाही, म्हणून माल कमी आणि धोक्याची खूणही दुबळी. तेल दोन्ही उणिवा भरून काढते. थेंब-थेंब प्रतिजन आठवडेच्या आठवडे सुटत राहते, आणि तेलाने झालेल्या दाहामुळे पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, त्यांत डेंड्रायटिक पेशीही येतात. बारीक गाठ हा कामाचाच भाग आहे. मोठी गाठ, पू किंवा सुजलेले डोके ही मात्र हाताची चूक.

बाटली फ्रीजमधून काढून लगेच वापरू नका. आदल्या रात्री बाहेर काढून 25 ते 30 अंशांवर येऊ द्या. गार तेल घट्ट असते, सुईतून मात्रा पुरी जात नाही आणि गाठही मोठी येते. फ्रीजरमध्ये कधीच नको, गोठले की दुधाळ मिश्रण फाटते आणि बाटली टाकावीच लागते. मात्रा 0.5 मिलि, मानेच्या मागच्या बाजूला मधोमध किंवा त्याखाली, कातडी चिमटीत उचलून, सुईचे टोक धडाकडे. टोक डोक्याकडे किंवा जागा फार वर असेल तर डोके सुजते, तुमच्याकडे बहुधा तेच झाले. दर 500 पक्ष्यांना सुई बदला. आधी जिवंत लस देऊन काही आठवड्यांनी तेलातली द्यावी. तयार झालेल्या स्मृतिपेशींवर ती पडली की टायटर वर चढते आणि टिकते.

आणि सुई स्वतःच्या बोटात गेली तर जखम दिसायला क्षुल्लक वाटेल, तरी थांबू नका. बाटली सोबत घेऊन त्याच तासाला दवाखाना गाठा. तेलाने बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

प्रश्न : हॅचरीत मरेक्सची (लंगडेपणा व गाठी करणाऱ्या विषाणुरोगाची) लस दिलेली असूनही पुलेट (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) लंगडतात. लस खोटी म्हणायची का?
— पुलेट संगोपक, सातारा

आधी प्रयोगशाळेतून मरेक्सच आहे याची खात्री करा. असेल तर दोन शक्यता. पहिली हॅचरीतली : ही लस जिवंत पेशींत राहते, पेशी फुटल्या की लस गेली. द्रव नायट्रोजनमधून, उणे 196 अंशांवरून काढलेली ॲम्प्यूल 27 अंशांच्या पाण्यात मिनिट-दीड मिनिटात वितळली पाहिजे, हलक्या हाताने डायल्युएंटमध्ये (पातळ करायच्या द्रावणात) मिसळली पाहिजे, आणि 0.2 मिलिप्रमाणे तासाभरात संपली पाहिजे. खळखळून हलवली तरी पेशी मरतात.

दुसरी शक्यता तुमच्या शेडमधली. प्रतिकार उभा राहायला आठवडा तरी लागतो, आणि जुन्या कळपाच्या पिसांचा कोंडा शेडमध्ये असेल तर पिलू पहिल्याच दिवशी तो हुंगते. फुप्फुसातल्या गिळणाऱ्या पेशी तो विषाणू उचलून प्लीहा, थायमस, बर्साकडे नेतात. वर्दी नेणारी वाट विषाणूला आयती मिळते. ब्रूडर शेड (पिलांना ऊब देण्याचे) मोठ्या पक्ष्यांपासून दूर ठेवा. जुने तूस, जाळ्यांवरची धूळ आणि पंख्यांची पाती साफ झाल्याशिवाय पिले उतरवू नका.

प्रश्न : कोंबडीच्या अस्थिमज्जेतून डेंड्रायटिक पेशी वाढवतो आहे. पाचव्या दिवशी बहुतेक पेशी तळाला पसरून चिकटतात, तांबड्या पेशीही राहतात. काय बदलू?
— पदव्युत्तर विद्यार्थी, परभणी

तांबड्या पेशींपासून सुरू करू. त्या फोडायला अमोनियम क्लोराइड वापरत असाल तर सोडा. कोंबडीच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, त्या फुटल्या तरी डीएनएचा चिकट लगदा होतो. फीमरची (मांडीच्या हाडाची) दोन्ही टोके कापून मज्जा पीबीएस या क्षारद्रावणाने बाहेर काढा, 70 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि घनतेच्या द्रावणावर अलगद थर देऊन सेंट्रिफ्यूज करा. मधल्या थरातल्या पेशी घ्या.

चिकटणाऱ्या पेशी म्हणजे बहुधा मॅक्रोफेज. माणसाचे किंवा उंदराचे जीएम-सीएसएफ (पेशी वाढवणारे प्रथिन) वापरले नाही ना? ते कोंबडीत चालत नाही. जीएम-सीएसएफ आणि तसेच दुसरे प्रथिन आयएल-4, दोन्ही कोंबडीचेच हवे. मिलिलिटरला 10 लाख पेशी, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, तापमान 41 अंश. 37 ला ठेवले तर पक्ष्याच्या पेशी गारठतात. दर दोन दिवसांनी पाऊण माध्यम बदला, पण तरंगत्या पेशी ओतून देऊ नका, तुम्हाला हव्यात त्या त्यांतच असतात. सहाव्या दिवशी एलपीएस 200 नॅनोग्रॅम प्रति मिलि देऊन 24 तास थांबा. मग एमएचसी-2, सीडी-40, सीडी-86 वाढले का पाहा आणि चाचणीसाठी घातलेल्या सूक्ष्म मण्यांचे गिळणे घटले का मोजा. सीडी-11सी एकटे दाखवून मोकळे होऊ नका, ते मॅक्रोफेजवरही असते. केयूएल-01 हा मॅक्रोफेजचा मार्कर सोबत लावा. आणि परीक्षकांना खरी खात्री पटते ती मिश्र संवर्धनाने : दुसऱ्या पक्ष्याच्या टी-पेशी या पेशींनी वाढवून दाखवल्या की.

प्रश्न : तळ्यावर बदके आणि गावरान कोंबड्या एकत्र असतात. बर्ड फ्लूत कोंबड्या पटापट मरतात, बदके बरीच टिकतात असे म्हणतात. खरे आहे का?
— परसबाग पालक, नंदुरबार

बऱ्याच अंशी. बदकाच्या पेशींत विषाणूचा आरएनए ओळखणारा रिग-आय नावाचा पहारेकरी असतो, तो कोंबडीत नाही. तिची भिस्त एमडीए-5 वर, म्हणून पहिल्या तासांतली हाकाटी उशिरा होते. पण काही एच5एन1 प्रकारांनी बदकेही मरतात, आणि न मरणारे बदक जास्त धोक्याचे, कारण ते विष्ठेतून विषाणू टाकत तळ्यावर हिंडत राहते. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता. बदकांचे पाणी वेगळे करा. कोंबड्यांना तळ्यावर सोडू नका, त्यांना हौदाचे किंवा बोअरचे पाणी द्या, आणि अचानक मर झाली तर पक्षी न हलवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.